दोन माणसांचा कोपरा

"अरे यार, निघ ना बाई आता!"

अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावाच्या लायब्ररीसमोर एक माणूस आपल्या गाडीची विनवणी करत होता. गाडी कसली ऐकतेय! मागचं चाक बर्फात जागच्या जागी गरगरत होतं. विनीताला आधी हसू आलं, मग दया आली. तिने काचेवर टकटक केली.

"बाई निघेल हो. तुम्ही आधी अॅक्सिलरेटरवरून पाय काढा."

तो दचकला. काच खाली आली. लोकरी टोपी पार भुवयांपर्यंत ओढलेली, नाक लालभडक... पण डोळे असे हसरे, की त्या कडाक्याच्या थंडीतही बघत राहावं. विनीताने आपल्या डिकीतून एक पिशवी आणली आणि मांजरांसाठी विकतात ती वाळू त्याच्या चाकाखाली ओतली.

"मांजर आहे तुमच्याकडे?"

"नाही. बर्फ आहे."

दोन हिसक्यांत गाडी सुटली. "थँक यू कसं म्हणू तुम्हाला?" तो म्हणाला.

"आत येऊन. आत्ता माझा क्लास आहे आणि चारच माणसं आलीयत."

असा गिरीश देवपुजारी त्या क्लासला आला. मूळचा नागपूरचा, पेसमेकर बनवणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर, आणि गेल्याच वर्षी शपथ घेऊन अमेरिकन नागरिक झालेला. विनीता दिवसा लायब्ररीत काम करायची आणि संध्याकाळी लोकांना शिकवायची, की सरकार आपलंच आहे, पण त्यात शिरायचं कुठून. कारण शपथ घेतली, फोटो काढला, पेढे वाटले की आपल्या लोकांची लोकशाही टीव्हीपुढेच बसायची. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशी साल होतं, निवडणुकीचं. महिनाअखेरीला कॉकस होता, म्हणजे पक्षाची मोहल्ल्यातली सभा.

"शाळेच्या जिममध्ये जमायचं," विनीता सांगत होती. "आपला विषय पाटीवर लिहून एका कोपऱ्यात उभं राहायचं. ज्याला पटेल तो चालत आपल्याकडे येतो. पुरेशी माणसं जमली तर त्या गटाचा डेलिगेट, म्हणजे प्रतिनिधी, पुढच्या कन्व्हेन्शनला, पक्षाच्या मोठ्या अधिवेशनाला जातो. कमी पडली तर गट मोडतो, आणि बाकीचे गट तुम्हाला आपल्याकडे ओढायला येतात."

"म्हणजे स्थळं बघण्याचाच प्रकार," गिरीश म्हणाला.

सगळे हसले. विनीता हसू लपवायला फळ्याकडे वळली.

मग तिने सराव घेतला. एका कोपऱ्यात पाटी 'चहा', दुसऱ्यात 'कॉफी'. विनीता चहाखाली उभी राहिली, तसा गिरीश तडक तिच्या शेजारी.

"तुम्हाला चहा आवडतो?"

"छे! वासही सहन होत नाही."

"मग इथे कशाला आलात?"

"ते... व्ह्यू चांगला आहे इथून."

विनीताचे कान तापले. तरी मास्तरीण ती मास्तरीणच. "माणसाचं तोंड बघून कोपरा निवडायचा नाही," ती ठणकावून म्हणाली. "आपल्या मनाला विचारायचं." गिरीश मुकाट्याने कॉफीकडे गेला. पुढच्या क्लासलाही आला, त्याच्या पुढच्याही. त्याचं शिक्षणावरचं प्रेम पाहून लायब्ररीतल्या बाकीच्या मुली गालातल्या गालात हसायला लागल्या.

विनीताची स्वतःची पाटी केव्हाच ठरली होती. बस. तिचे बाबा गेले तेव्हापासून आई, सरलाबाई, घरातच अडकून पडल्या होत्या. वीस वर्षं गाडी बाबांनी चालवली, आईंनी कधी स्टिअरिंगला हात लावला नाही, आणि घराजवळून बस म्हणून जात नव्हती. अख्खा हिवाळा त्या खिडकीशी बसून काढत होत्या. एक दिवस म्हणाल्या, "मार्चअखेर मी सांगलीला जाते गं कायमची. तिथे निदान हात केला की रिक्षा थांबते." विनीताने तिकीट बुक केलं आणि बाथरूममध्ये नळ सोडून रडली. आई जायला नको होती. पण कोंडून ठेवलेलीही बघवत नव्हती.

कॉकसच्या संध्याकाळी जिम गच्च भरलं होतं. शाळा, तलाव, अण्वस्त्रं... कोपऱ्याकोपऱ्यात पाट्या लागल्या. डेलिगेटसाठी दहा माणसं हवी होती. 'बस'खाली विनीता, आई आणि तीन शेजारी, मिळून पाच. ती दाराकडे डोळे लावून होती. गिरीश आला, हसला, हात हलवला आणि... थेट समोरच्या कोपऱ्यात जाऊन त्याने पाटी उचलली. 'साइडवॉक', म्हणजे फूटपाथ.

विनीता तरातरा त्याच्याकडे गेली. "तुम्ही इथे?"

"तोंड बघून कोपरा निवडायचा नाही, तुम्हीच म्हणालात."

"हो, पण..."

"माझी गाडी तुम्ही पाहिलीय. आठवड्यातून दोनदा मी रस्त्याच्या कडेने चालत असतो. ट्रकवाले अंगावर चिखल उडवतात. मनाला विचारलं, तर मन म्हणालं साइडवॉक."

तिला त्याचा भयंकर राग आला. आणि तितकाच तो आवडलाही, याचा आणखी राग आला. त्याच्याकडेही तो धरून तिघंच होती. अध्यक्षांनी जाहीर केलं, दहा मिनिटांत माणसं जमवा, नाहीतर दोन्ही गट मोडा.

"तुम्ही आमच्याकडे या," विनीता म्हणाली.

"तुम्हीच या ना. आमच्याकडे डोनट्स आहेत."

"आमच्याकडे आईच्या चकल्या आहेत."

"ही लाच झाली!"

"हे पर्सुएशन झालं. क्लासमध्ये शिकवलं होतं, तुमचं लक्ष कुठे होतं?"

"सांगू कुठे होतं?"

सांगायची वेळ आली नाही. जाडजूड पार्का कोट, कोटाखाली साडी, साडीखाली स्नोबूट अशा थाटात सरलाबाई मध्ये येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, बस आली तरी स्टॉपपर्यंत मी जाणार कशी? बर्फातून पोहत? आणि काय हो, तुमच्या साइडवॉकवरून चालत मी जाऊ कुठे? दुकान तर चार मैलांवर. भांडताय काय! एकाच पाटीवर लिहा दोन्ही."

मग हेच त्यांनी सांगलीच्या शाळेतल्या खणखणीत इंग्रजीत सगळ्या जिमला ऐकवलं. हशा झाला, टाळ्या पडल्या. तलाववाल्या गटातल्या दोन आज्या काठ्या टेकत इकडे आल्या. गट जमला! डेलिगेट कोण, म्हटल्यावर एकच गलका झाला, "सरला! सरला!"

सरलाबाई गोंधळल्या. मग हळूच म्हणाल्या, "विनू, ते कन्व्हेन्शन कधी असतं म्हणालीस?"

"एप्रिलात. पण आई, तुझं तिकीट..."

"कॅन्सल कर. मला लोकांनी निवडून दिलंय. आणि ती बस येईपर्यंत या सरकारवाल्यांच्या मागे नको का लागायला कोणी?"

विनीताने आईला घट्ट मिठी मारली. इतका आनंद तिला कित्येक महिन्यांत झाला नव्हता.

सभा संपली. आई दाराशी त्या आज्यांना चकलीची कृती सांगत होत्या. विनीता घडीच्या खुर्च्या आवरत होती. सहज वर पाहिलं, तर गिरीश एका रिकाम्या कोपऱ्यात एकटाच उभा.

"काय करताय तिथे? पाटी कुठाय?"

"लिहायची हिंमत झाली नाही." मघाचा मिश्कीलपणा कुठल्या कुठे गेला होता. "तुम्ही म्हणाला होतात, मनाला विचारा. विचारलं. मन म्हणालं, चहा नको, साइडवॉक हवा, आणि... विनीता हवी. पक्कं विचारलंय. तोंड बघून नाही... म्हणजे, तेही बघितलंय."

विनीताच्या हातात खुर्ची तशीच राहिली. "या कोपऱ्याला किती माणसं लागतात?"

"दोन. एक आहे."

इथे मत तोंडाने देत नाहीत, चालत जाऊन देतात, हे तिनेच तर शिकवलं होतं. तिने खुर्ची खाली ठेवली. ओले बूट लाकडी फरशीवर पचपच वाजत होते. सगळं जिम ओलांडून ती त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"मोजा," ती म्हणाली.

"एक..." त्याने स्वतःच्या छातीला बोट लावलं. मग अलगद तिचा हात हातात घेतला. "...दोन."

तेवढ्यात दारातून आवाज आला. "विनू, एप्रिलात मला कन्व्हेन्शनला ड्राइव्ह कोण करणार गं?"

गुंफलेले हात तसेच वर गेले, एकदम दोघांचे.