तळघरातला हिरवा दिवा

दार उघडलं तेव्हा सिग्रिडला आधी दिसला तो बर्फच. टोपीवर, खांद्यांवर, भुवयांवर... आणि त्या बर्फाखाली एक तरुण माणूस.

"टेलिफोन सोसायटीतून आलोय. वेंडेल. इंटरनेट सुरू होत नाही म्हणालात ना?"

"कधीपासून म्हणतेय. मला वाटलं, तुम्ही आता बर्फ वितळल्यावरच याल."

"विचार तोच होता. पण फोनवर तुमचा आवाज फार रडवेला होता."

सिग्रिडने हसू दाबलं आणि त्याला स्वयंपाकघरात नेलं. भावाने दिलेला नवा कोरा कॉम्प्युटर तिथे मांडला होता. वेंडेलने तिला नाव आणि पासवर्ड टाकायला लावला, आणि पडद्यावर तीच मेली ओळ उमटली: हे नाव आधीच आत आहे.

गावाच्या चॅटरूममध्ये 'उत्तरवारा' नावाचा कुणीतरी रोज संध्याकाळी 'हिमचिमणी'शी, म्हणजे तिच्याशी, गप्पा मारायचा. एकदा त्याने विचारलं, भेटशील का? तिच्या काळजाचं असं पाणी पाणी झालं की उत्तर न देताच तिने जुन्या कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि पळाली. दुसऱ्या दिवशी भाऊ नवा कॉम्प्युटर घेऊन आला, आणि तेव्हापासून तिला आत शिरताच आलं नव्हतं. त्या बिचाऱ्याला काय वाटत असेल?

"कॉफी?" तिने विचारलं.

"हो. माझं इथलं हे शेवटचं काम. सोमवारपासून नोकरी डुलुथ शहरात."

"गाव आवडत नाही वाटतं?"

"गाव आवडतं. पण इथे काही माणसं..." तो कपाकडे बघत म्हणाला, "समोर बसून असतात आणि बोलत नाहीत."

त्याने सोसायटीत फोन लावला, नुसतं हं हं केलं आणि रिसीव्हर ठेवला. चेहरा जरा विचित्र झाला होता.

"तुमचं नाव आत्ताही आत आहे. आणि ते... याच घरातून."

सिग्रिडच्या हातातला चमचा खाली पडला. "मी एकटी राहते इथे."

"दुसरी फोनलाइन आहे?"

"बाबांच्या धान्याच्या धंद्याची. खाली, तळघरात. जुना कॉम्प्युटरही तिथेच आहे, पण तो बंद आहे हो. मीच केलाय."

"चला, बघू. घाबरलात?"

"छे," असं म्हणत तिने बर्फ उपसायचं फावडं उचललं.

"ते माझ्यासाठी की चोरासाठी?"

"अजून ठरवलं नाही."

तळघरात अंधार होता. आणि अंधारात, जुन्या टेबलावर, एक हिरवा दिवा लुकलुकत होता. सिग्रिडने वेंडेलची बाही घट्ट धरली... सोडायचं तिला सुचलंच नाही.

"तुम्ही कुठलं बटण दाबलं होतं?"

तिने दाखवलं.

"तो नुसता पडदा बंद होतो," वेंडेल हसू लागला. "मशीन चालूच. लॉगआउट केलंच नाहीत, म्हणून खालची तुम्ही वरच्या तुम्हाला आत येऊ देत नव्हता." हसता हसताच त्याने पडदा चालू केला.

आणि त्याचं हसू थांबलं.

पडद्यावर एकाखाली एक ओळी होत्या. हिमचिमणी, रागावलीस? तुझं नाव दिसतंय, आहेस ना तिथे? काही तरी बोल. सगळ्या उत्तरवाऱ्याच्या. सिग्रिडला धक्काच बसला. इतके दिवस तो तिच्या नावाशी बोलत होता, आणि वर ती भांडी घासत होती. तिचे डोळे भरून आले.

"शेवटची ओळ अजून खाली आहे," वेंडेल पडद्याकडे न बघताच म्हणाला. "'तू बोलत नाहीस, म्हणजे उत्तर मिळालं. मी तुझ्यावर प्रेम केलं, एवढं राहू दे.'"

तिने पान खाली सरकवलं. शब्दन् शब्द तोच. खाली एवढंच जास्त होतं: सोमवारी डुलुथला जातोय.

सिग्रिड हळूहळू वळली. त्याचे कान लालबुंद झाले होते. बर्फ वितळून भुवयांवरून ओघळत होता आणि पुसायचं भान त्याला नव्हतं.

"तू?"

"मला वाटलं, तू सगळं वाचतेयस," तो म्हणाला. "आणि गप्प बसलीयस."

मग तो कीबोर्डकडे वळला. "लॉगआउट करतो. वरचं सुरू होईल तुझं."

"थांब. आधी उत्तर द्यायचं राहिलंय."

ती खुर्चीत बसली. तो अगदी मागेच उभा होता, तरी तिने ते टाइपच केलं: पळून गेले होते रे, वेड्यासारखी. हो, भेटेन. रोज भेटेन.

वेंडेलने ते वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"डुलुथला फोन करायला हवा," तो कसाबसा म्हणाला, "येत नाही म्हणून."

सिग्रिडने या वेळी नीट, त्याला विचारून विचारून लॉगआउट केलं. हिरवा दिवा विझला. तिने बाबांच्या फोनचा रिसीव्हर उचलून त्याच्या हातात दिला.

"घे. लाइन मोकळी आहे."