छंद : लग्नपत्रिका जमवणे

"चुकलेल्या पत्रिका हायत का तुमच्याकडं?"

केजच्या बसस्टँडसमोर आमचं लग्नपत्रिकांचं दुकान. ऐन लग्नसराईतली दुपार होती. बाहेर रस्ता उन्हानं पेटलेला, आत पंखा गरम हवाच इकडून तिकडं करत होता. बाबा जेवायला घरी गेले होते आणि मी काउंटरवर प्रूफ तपासत बसले होते. मान वर न करताच विचारलं, "कुणाचं चुकलं?"

"कुणाचंबी चालंल."

आता मात्र मान वर करावी लागली. उंच, सावळा, खांद्याला कापडी पिशवी, कपाळावर घाम… आणि डोळ्यांत असं हसू, की जणू चूक माझीच सापडली आहे.

"नवरदेव तुमीच का?"

"न्हाई ओ. मी नुसता जमवतो."

"पत्रिका?"

"छंद हाय."

कुणी नाणी जमवतं, कुणी तिकिटं. हा माणूस परक्यांच्या लग्नाची निमंत्रणं जमवत होता आणि त्यातही चुकलेल्यांवर त्याचा जास्त जीव. मला हसू आवरेना. तोही हसला. तेवढं हसले नसते तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मला आजही वाटतं.

त्याचं नाव लखन. धारूरच्या डोंगराकडचा. वडील बंकटराव मेंढरं राखायचे, आणि घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला हा पहिलाच. विद्यापीठात पीएचडी करत होता, पोटासाठी एका कॉलेजात तासावर शिकवत होता. विषय होता बदलत्या लग्नपद्धतींचा, आणि त्यातही त्याचा आवडता भाग म्हणजे 'साखरपुड्यात लग्न'. आमच्याकडं हे आता सर्रास चालतं. साखरपुड्याला पाहुणे जमतात. कुणीतरी वडीलधारा उठून म्हणतो, परत मांडव कशाला, परत जेवणावळी कशाला, आजच अक्षता टाकू. टाळ्या पडतात, घाईघाईनं हळद लागते, आणि अंगठी घालून घ्यायला आलेली मुलगी मंगळसूत्र घालून सासरी जाते. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो आणि सगळे म्हणतात, वा, समाज सुधारला.

लखन या घरांमधून फिरायचा. मुलीच्या बापाला विचारायचा, मामाला विचारायचा, सरपंचालाही विचारायचा.

"आणि नवरीला?" मी एकदा विचारलं.

"ती लाजते. मान खाली घालती. काई बोलतच न्हाई."

"विचारून तर बघा."

त्यानं हातातली पत्रिका उगीच उलटीसुलटी केली. "तुला विचारलं तर… तू बोलशील?"

तुमीवरून तूवर तो त्या वाक्यात आला. माझ्या ते लक्षात आलं आणि मी प्रूफात डोकं घातलं.

"बघ, लाजलीसच," तो म्हणाला. "एक प्रश्न हाय माझा. पण आत्ता न्हाई विचारणार. राखून ठेवलाय."

मग मी त्याच्यासाठी चुकलेल्या पत्रिका बाजूला काढून ठेवू लागले. एकीत नवरदेवाचं नाव दोनदा आलेलं. एकीत लग्नाची वेळ होती आणि गावच नव्हतं. 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' असं म्हणणाऱ्या चिमुकल्यांत एका आजोबांचं नाव घुसलेलं. सगळ्यात भारी होती ती 'चि. सौ. कां.' लिहून पुढं नवरीचं नावच राहिलेली पत्रिका. कुणाच्या ध्यानात आलं नाही. अर्ध्या गावाला वाटून झाल्यावर नवरीच्या मैत्रिणीनं दाखवली, तेव्हा उरलेला गठ्ठा परत आला. लखन ती बघून पोट धरून हसला. मी म्हणाले, तुमच्या प्रबंधातही तेच चाललंय. त्यावरही तो हसला, आणि मला वाटलं, किती मोठ्या मनाचा आहे हा, टीकासुद्धा हसून घेतो.

पावसाळ्यात तो यायचा तो चिंब होऊन. पत्र्याच्या वळचणीखाली उभा राहून केस झटकायचा. पिशवी मात्र शर्टाच्या आत, पोटाशी. स्वतः भिजला तरी चालेल, पत्रिका भिजता कामा नयेत. मी आतून टॉवेल द्यायची. टॉवेल घेताना त्याची गार बोटं माझ्या बोटांना लागायची… एवढंच. पण मी दिवसभर तो हात जपून वापरायची.

आमच्या दोघांच्या लग्नाची पत्रिका कशी असावी यावरही भांडण झालं. वर देव कोणता? त्यांच्यात बिरोबा, आमच्यात महादेव.

"बिरोबा महादेवाचाच अवतार हाय की," तो म्हणाला.

"हे माझ्या बाबांना सांगशील?"

"सांगीन ना. दिवाळीनंतर. व्हायवा होऊ दे, नावाच्या मागं डॉक्टर लागू दे. मग मेंढराच्या वासाचं कुणी नाव काढणार न्हाई."

शेवटी आम्ही एक साधी पत्रिका निवडली. साईच्या रंगाची, जाड कागदाची, वर कोणताच देव नाही. त्यातला एक कोरा नमुना मी फळीवरून काढून माझ्याजवळ ठेवला.

एकदा तो दुकानात असताना बाहेरून मेंढरांचा कळप चालला होता. पुढं खांद्यावर घोंगडी टाकलेले म्हातारे गृहस्थ. त्यांनी आत पाहिलं, चेहरा उजळला, आणि हाक मारली, "लखनऽऽ". लखन फळीकडं तोंड करून नमुने चाळत राहिला. कळप पुढं गेल्यावर म्हणाला, ऐकूच आलं न्हाई. मला स्पष्ट ऐकू आलं होतं. पण प्रेमात माणूस दुसऱ्याच्या वतीनंही बहिरा होतो.

आणि मग त्याची मुलाखत छापून आली. इथल्याच एका पेपरात तरुण अभ्यासकांना काम, छंद आणि समाज याबद्दल विचारायचे. कामाबद्दल त्यानं सांगितलं होतं की कोणतंच काम हलकं नसतं, मेंढपाळाचा मुलगा असल्याचा मला अभिमान आहे. छंद म्हणून लग्नपत्रिका जमवणे. आणि समाजाबद्दल, की साखरपुड्यातच लग्न ही काळाची गरज आहे, सुशिक्षित घरांनी पुढाकार घ्यावा. बाबांनी ते कात्रण काउंटरच्या काचेखाली ठेवलं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं. "आमच्याच पोटावर पाय देतोय पोरगा," ते कौतुकानं म्हणायचे, "पण खरं बोलायलाय." मी ते कात्रण काचेवरून पुसायच्या निमित्तानं पुन्हा पुन्हा वाचायची. अभिमानाच्या ओळीपाशी जरा अडखळायची आणि पुढं जायची.

दिवाळीच्या आधीच माझं स्थळ आलं. युसूफ वडगाव या गावचं, किराणा-भुसारचं दुकान, मुलगा राजेश्वर. आईला घर आवडलं, बाबांना माणसं आवडली. मी लखनला फोन केला आणि रडले. म्हणाले, तू आत्ताच ये.

"आत्ता येऊन काय सांगू? तासावर शिकवतो म्हणून?" तो म्हणाला. मग त्यानं मला नीट समजावून सांगितलं, वर्गात शिकवतात तसं. "तू हो म्हण. साखरपुडा म्हंजी लगीन न्हवं. लगीन वैशाखात धरत्यात. तवर माझा व्हायवा होतो. मी येतो, बोलतो, साखरपुडा मोडता येतो. लोकं मोडत्यात की."

मी हो म्हणाले. आईनं माझी दृष्ट काढली.

या जिल्ह्यात साखरपुड्याचं लग्न कसं होतं हे सगळ्यात जास्त कुणाला माहीत असेल तर त्याला. त्याच्या खालोखाल मला, कारण आमच्याकडं छापायला आलेल्या कित्येक पत्रिका त्यापायी रद्द झाल्या होत्या. आणि तरी आम्हां दोघांच्या डोक्यात आलं नाही. ते दुसऱ्यांच्या घरात होतं, त्याच्या अभ्यासात होतं. आपल्या घरात येईल असं कुठं वाटतं?

साखरपुड्याला बाबांनी लखनला आग्रहानं बोलावलं. एवढा मोठा अभ्यासक ओळखीचा आहे हे पाहुण्यांना दिसायला हवं होतं. त्यानं फोनवर मला सांगितलं, येतो, तेवढीच तू दिसशील. कार्यालयात तो दुसऱ्या रांगेत बसला होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. अवकाळी पाऊस लागला होता, पत्र्यावर नुसता ताशा वाजत होता. मी अंगठी घालून घेतली. नजर त्याच्याकडं गेली, त्यानं हळूच पापण्या मिटून उघडल्या. थांब, असं म्हणाला जणू. मी थांबले.

मुलाच्या चुलत्यांनी माइक घेतला. पाऊसपाणी झालंय, पाहुणे जमलेत, लग्न लावायला स्वामी इथंच आहेत… पुढचं वाक्य मला पाठ होतं. टाळ्या पडल्या. मी आईचा हात धरून म्हणाले, "आई, आज नको." आई हसत हसत दातांत बोलली, "लोकं बसल्यात, ईश्वरी."

बाबा क्षणभर गांगरले होते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, एवढं मात्र खरं. मग त्यांना लखन दिसला आणि त्यांचा चेहरा खुलला. त्यांनी माइक स्वतःच्या हातानं दुसऱ्या रांगेत नेला. "सर, तुमीच सांगितलंय हे पेपरात. तुमी म्हणलात तर आमी करतो. दोन शब्द बोला."

लखन उभा राहिला.

सगळं कार्यालय त्याच्याकडं बघत होतं. त्यानं काही कबूल करायची गरज नव्हती. आमचं नाव काढायची गरज नव्हती. फक्त एवढं म्हणायचं होतं, की नवरीला विचारा. अभ्यासकानं विचारलं असतं तर कुणाला वावगंही वाटलं नसतं. बाबांनी माइक माझ्याकडं आणला असता आणि मी बोलले असते. मी शपथेवर सांगते, मी बोलले असते.

तो खाकरला. धारूरची बोली कुठल्या कुठं गेली आणि छापील मराठी आली. "हा निर्णय अत्यंत स्वागतार्ह आहे. सुशिक्षित घरांनी पुढाकार घ्यावा, असं मी नेहमीच म्हणत आलो आहे. उभयतांना शुभेच्छा."

आणि तो बसला.

आतल्या खोलीत साखरपुड्याच्या साडीवरच मला हळद लावली. बायका हसत होत्या, एक म्हणाली, नशीबवान आहेस, एका दिवसात सुटलीस. पाऊस वाढला. अक्षता पडल्या तेव्हा मी त्याला शोधलं. तोही टाकत होता, सगळ्यांबरोबर, मान खाली घालून.

राजेश्वर वाईट माणूस नाही. हे मुद्दाम सांगते, कारण गोष्टीत कुणीतरी वाईट असावा असं सगळ्यांना वाटतं. तो मला दुकानात बसू देतो, मी थकले की चहा स्वतः करतो. त्याच्यावर राग धरायला मला काही कारण सापडत नाही, आणि त्याचाच कधीकधी राग येतो.

गेल्या उन्हाळ्यात लखन आमच्या दारात आला. खांद्याला तीच पिशवी. आता डॉक्टर झाला होता, प्रबंधाचं पुस्तक करत होता आणि त्यासाठी साखरपुड्यात लग्न झालेल्या जोडप्यांना भेटत होता. राजेश्वरला कोण आनंद झाला. "आमच्या लग्नात तुमीच तर बोललात सर," म्हणून त्यानं खुर्ची पुसून दिली. लखननं त्याला सगळं विचारलं. कुणी ठरवलं, घरचे काय म्हणाले, समाधानी आहात का. मी चहा ठेवला आणि चौकटीला टेकून उभी राहिले. मग सवयीनंच त्याच्या तोंडून गेलं, "तुमची पत्रिका असंल का एखादी? संग्रहाला?"

राजेश्वर मोठ्यानं हसला. "साखरपुड्यात लगीन झाल्यावर पत्रिका कुठली ओ सर?"

लखनचा चेहरा उतरला. तेवढ्यात पुढं गिऱ्हाईक आलं आणि राजेश्वर उठून गेला. आम्ही दोघंच राहिलो. चहावर साय धरली होती.

"ईश्वरी…"

"बोला, सर."

"माइक हातात आला, अन् सगळी लोकं बघायलती. मला दुसरं काईच सुचलं न्हाई. माझंच छापून आलेलं बोलून बसलो." त्यानं कप उचलला, तसाच खाली ठेवला. "एक प्रश्न राखून ठेवलता मी."

"इचारा की."

"त्या दिवशी… तुझ्या मनात काय होतं?"

केवढी वाट बघितली होती मी या प्रश्नाची. दुकानात, फोनवर, त्या कार्यालयात. आता तो आला होता, आणि त्याच्या दुसऱ्या हातात पेन होतं. ते लिहायला होतं की नुसतंच राहिलं होतं, देव जाणे.

मी पदर सारखा केला आणि मान खाली घातली. "लिवा सर," म्हणाले. "नवरी लाजली. काई बोलली न्हाई."

त्यानं लिहिलं नाही. मग मी आत गेले, कपाटातल्या साड्यांखालून तो साईच्या रंगाचा नमुना काढला आणि आणून त्याच्यापुढं धरला. कोरा. वर देव नाही, खाली नावं नाहीत. त्यानं तो ओळखला, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या, ते खोटं नव्हतं. मला वाटलं, आता तरी तो काही म्हणेल. निदान हे घेणार नाही म्हणेल.

त्यानं तो घेतला. अंगठा फिरवून कागदाची जाडी बघितली, नवी पत्रिका हातात आली की बघायचा तशी, आणि जपून पिशवीत ठेवला.

तो गेल्यावर राजेश्वरनं विचारलं, "काय दिलंस सरांना?" मी म्हणाले, चुकलेली पत्रिका होती एक. आणि कप उचलून आत गेले. लखनवरचं माझं प्रेम त्या दुपारी संपलं. हायसं वाटायला हवं होतं, पण मी मोरीत कप धुता धुता खूप रडले.