रविवारच्या शाळेची रीत

अर्धांगवायूच्या झटक्यातून शशिकला सावरली, पण तिची अक्षरं गेली. तीस वर्षं पोस्टात पत्ते वाचणारी माझी बायको साधा ‘क’ समोर धरला की रडायला लागायची. झाशीत मोठ्या माणसांना वाचायला शिकवणारी एकच जागा मला ठाऊक होती, रेल्वे कारखान्यामागची रविवारची शाळा. शंभर वर्षांपूर्वी क्वेकर पंथाच्या विलायती मंडळींनी ती कामगारांसाठी काढली. रविवारी कारखाना बंद, म्हणून वर्ग सकाळी सातला. आधी सगळ्यांनी दहा मिनिटं गप्प बसायचं, मग धडा. ती मंडळी गेली, पण शाळा चालू राहिली.

जानेवारीतल्या एका रविवारी तिला घेऊन गेलो. धुकं इतकं, की समोरचा रस्ता दिसेना. दार उघडं होतं. आत वीसेक माणसं माना खाली घालून बसली होती. दगडी कोळशाचा वास येत होता. कोळशाची इंजिनं जाऊन किती वर्षं झाली, हे मला तेव्हा सुचलंच नाही. तिला बाकावर बसवून मी दाराशी थांबलो.

ती शांतता संपेचना. कुणी खोकत नव्हतं, कुणाचा श्वासही ऐकू येत नव्हता... शेवटी तिच्या शेजारच्या म्हाताऱ्यानं एक पुस्तक उघडून ओळीखाली बोट ठेवलं.

“धीरे बाँचो, बाई,” तो म्हणाला. “हमें कौनऊ जल्दी नइयाँ...” घाई तिथे कुणालाच नव्हती.

शशिकलानं वाचलं. आधी एक शब्द, मग अख्खी ओळ. मी तोंडात रुमाल कोंबून रडलो, खोटं कशाला सांगू?

तेवढ्यात मागून पियुष आला. तो इथला मास्तर. किल्ल्या त्याच्याच हातात होत्या.

“काकाजी, ठंड के मारे आज तो छुट्टी थी... ताला किसने खोला?”

वळून पाहिलं, तर आत एकटी शशिकला. ती वाचतच होती.

मी सगळं सांगितलं. पियुषनं रिकाम्या बाकांवरून नजर फिरवली. मग म्हणाला, इथे फी कधीच नव्हती. जो शिकेल त्यानं पुढच्या एकाला शिकवायचं, एवढीच रीत. कुणाकुणाची शिकवायची पाळी जिवंतपणी राहून गेली असेल.

त्या म्हाताऱ्याला मी रोज हात जोडतो. माझी बायको मला परत मिळाली. सकाळी पेपर मोठ्यानं वाचते, वर माझ्या चुका काढते. मी कोणत्या तोंडानं तक्रार करू?

फक्त, रीत तीही पाळते. जेवणं झाली की रिकाम्या खुर्चीसमोर बसते आणि पुस्तक पलीकडे वळवून ओळीखाली बोट फिरवते. एकेक शब्द म्हणते, थांबते. मी दाराआडून ऐकतो.

काल ती थांबली, आणि पुढचा शब्द कुणीतरी अडखळत वाचला.

“शाबाश,” शशिकला हळूच म्हणाली. “अब पीछेवाले को बैठने दो...”