मेलेल्यानं गप्प बसायचं

विद्याशपथ, हे खरं आहे! वर्गात सांगितलं तर सगळ्या खिदळल्या. खिदळा! माझ्या सख्ख्या मामाच्या बाबतीत घडलंय हे, मुकुंदमामाच्या. गेल्या वर्षी, १९८८ च्या मे महिन्यात, नागपुरात काटोल रोडकडच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये.

आणि रात्री नाही हं... भर दुपारी!

त्या शेडमध्ये फौजेच्या सरावासाठी प्लायवूडचे चार नकली रणगाडे होते. खोकीच ती. एकेका खोक्यात एक जवान, समोर टीव्हीसारखा पडदा, कानाला हेडफोन. चारही खोकी वायरींनी एकाच बोर्डाला जोडलेली, म्हणजे चौघंही एकाच लढाईत! हे वायरिंग मामाचं आणि त्याच्या जोडीदाराचं, वामनरावांचं. ज्याला गोळा लागेल त्याची पिन वामनराव बोर्डातून उपटायचे. पडदा काळा, हेडफोन मुका. शिकवणाऱ्या उस्तादांचा नियम कडक होता. सराव संपेपर्यंत कडी बाहेरून बंद, आणि मेलेल्यानं गप्प बसायचं.

त्या दिवशी एक जवान आजारी होता.

"मी बसतो की!" म्हणत मामा चौथ्या खोक्यात शिरला. बसला आणि लगेच उडाला.

"चार नंबर, शहीद!" उस्ताद ओरडले.

पडदा काळा. हेडफोन मुका.

मग... कुणीतरी श्वास घेतला. अगदी कानात.

"काहून गा, तू कवा आला?"

मामाला हसूच फुटलं. "वामनराव, पुरे हं मस्करी!"

"वामनराव? तो अजून आला नाही." आवाज शांत होता. "येऊनच राहिला. हात ओले आहेत त्याचे..."

मामानं खोक्याच्या फटीला डोळा लावला.

वामनराव माठापाशी तोंडावर पाणी मारत होते. मग तसेच, निथळत्या हातांनी, बोर्डाकडे निघाले. बोर्डाचं झाकण उघडं होतं, आत करंट चालू.

"वामनराव! हात लावू नका!"

"शहीद बोलता नहीं!" उस्ताद गरजले. बाकीच्या खोक्यांतून हसण्याचे आवाज.

"अहो, ओले हात! वामनराव, पाया पडतो तुमच्या!"

"हारला तं हारला गा मुकुंदा," वामनराव हसले. "रडतो काहून?"

आणि चालतच राहिले.

मामानं लाथा घातल्या. खांद्यानं धडका दिल्या. घसा फाटला, गुडघा सोलला, तेव्हा कुठे कडी निखळली. हेडफोन गळ्यातच, वायर तुटून लोंबतेय... तसाच धावला आणि वामनरावांना शर्टाला धरून मागे खेचलं. दोघंही जमिनीवर.

बोट बोर्डाला लागलं होतं की नाही? मामाला आजही सांगता येत नाही.

"माहा शर्ट फाडला ना बे!" वामनराव उठून बसले. धडधाकट! मामाला रडूच कोसळलं.

तेवढ्यात गळ्यातल्या हेडफोनमधून...

"मुकुंदा... मले इथून काढ गा."

आवाज वामनरावांचा.

समोर वामनराव तोंड मिटून फाटका शर्ट बघत होते.

मामा तो हेडफोन टाकून देत नाही. जेवण झालं की कानाला लावून बसतो. "काढतो, काढतो," म्हणत राहतो.

वामनकाका अजून येतात आमच्याकडे. "काय वं, अभ्यास झाला काय?" विचारतात. अगदी पूर्वीसारखे. मामा मात्र त्यांना नावानं हाक मारत नाही.

आणि मी... चहाचा कप त्यांच्या हातात देत नाही. समोर ठेवते.