आधी परत या

घरातली भांडी सध्या बाईंचे यजमान घासत होते आणि ती किती वाईट घासली जातात हे बाई उघड्या डोळ्यांनी बघत होत्या. पण बोलायची सोय नव्हती. हात पाण्यात घालायचे नाहीत, साबण लावायचा नाही, सकाळ-संध्याकाळ बोटांना साय चोळायची, असा सल्ला व्हिसा केंद्राबाहेरच्या झेरॉक्सवाल्याने दिला होता.

कारण बाईंच्या बोटांचे ठसेच उमटत नव्हते. उभा जन्म प्राथमिक शाळेत शिकवण्यात गेला. डस्टर शोधत कोण बसणार म्हणून फळा नेहमी बोटांनीच पुसला. बोटांवरच्या रेघा फळ्याने कधी खाल्ल्या ते कळलंही नाही. केंद्रातल्या काचेवर बोटं टेकवली की यंत्राचा लाल दिवा लागे आणि खिडकीतला तरुण म्हणे, "पुन्हा, बाई." तो त्यांचाच विद्यार्थी. 'पुन्हा' हा शब्द बाईंनी वर्षानुवर्षं पोरांना ऐकवला होता. तो असा टोचतो हे आता समजत होतं.

"तुझ्या बोटांना सुट्टी आणि माझ्या बोटांना शिक्षा," यजमान मोरीतून म्हणाले.

"अहो, त्या पातेल्याचं बूड बघा. काळं ते काळंच."

"बूड कोण बघतंय? पोरीकडे पोचायचंय ना तुला?"

पोचायचं तर होतंच. एकुलती एक लेक परदेशात, दिवस भरत आलेले, जावई बोटीवर नोकरीला, समुद्रात कुठेतरी. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, घरात एकटं राहायचं नाही. ती रोज फोनवर विचारी, "आई, काय झालं गं व्हिसाचं?" बाई म्हणत, "होईल, होईल." तिकडच्या थंडीसाठी त्यांनी स्वतःला राखाडी स्वेटर विणायला घेतला होता. डावी बाही अजून सुयांवरच होती.

पुढच्या खेपेला मात्र दिवा हिरवा झाला. बाईंनी हुश्श केलं. सायीने काम केलं म्हणायचं. पण खिडकीतला तरुण पडद्याकडे बघत राहिला. मग त्याने मान खाली घालून विचारलं, "बाई, तुम्ही याआधी तिकडे गेला होतात?"

"मी? अरे, विमान मी फक्त आभाळात पाहिलंय."

"यात दिसतंय, की तुम्ही गेल्या आठवड्यात तिथे उतरलात. परत आल्याची नोंद नाही."

"मग ही तुझ्यापुढे कोण बसलीय?"

"मला दिसतंय हो बाई. यंत्राला नाही दिसत." तो आवाज उतरवून म्हणाला, "आधी परत या. मग अर्ज करता येईल."

बाईंचा पारा चढला. पण समोर लेकरू गोंधळलं की आपण शांत व्हायचं, ही सवय हाडात मुरलेली. "हे बघ, नीट विचार कर," त्या म्हणाल्या. "माझे ठसे आज पहिल्यांदा उमटले. मग ते जुळले कशाशी?"

त्याने नुसता पडदा त्यांच्याकडे वळवला. विमानतळावर घेतलेला फोटो होता. तेच पांढरे केस, तोच हनुवटीवरचा तीळ, तोच चष्मा. अंगात राखाडी स्वेटर. दोन्ही बाह्या पूर्ण.

घरी येऊन बाईंनी पहिल्यांदा पिशवी उघडली. डावी बाही सुयांवरच होती.

"एका चेहऱ्याची माणसं असतात गं," यजमान म्हणाले.

"आणि स्वेटर? आणि बोटं?"

यजमान परत भांड्यांकडे वळले.

त्यानंतर सुरू झाल्या खेपा. खालचा म्हणे वर जा, वरचा म्हणे खाली विचारा. एका साहेबांनी तर मोठ्या प्रेमाने समजावलं, "आजी, नियम सोपा आहे. माणूस गेल्याशिवाय नोंद होत नाही." बाईंना वाटलं, याला बाकावर उभा करावा. अखेर उत्तर आलं: प्रवासी आधीच पोचलेली असल्याने अर्ज बंद करण्यात येत आहे.

लेकीला हे कसं सांगायचं? बाईंनी धीर करून फोन लावला. पण आज तिने व्हिसाचं विचारलंच नाही. आवाज कधी नव्हे इतका निवांत.

"पाय चेपलेस ना, फार बरं वाटलं," ती म्हणाली.

"कुणी चेपले?"

लेक हसली. "आई, चेष्टा पुरे. आतल्या खोलीतून फोन काय करतेस? बाहेर ये ना."

बाईंनी घाईघाईने फोन ठेवला. दुपारभर त्यांना पाणीसुद्धा गोड लागलं नाही. 'दार लावून घे, शेजाऱ्यांना बोलाव' असं सांगायला त्यांनी संध्याकाळी पुन्हा फोन केला.

फोन उचलला गेला. पलीकडे लेकच होती. ती कण्हत होती. कळा सुरू झाल्या होत्या.

मागून एक आवाज आला. "श्वास घे. हळू. घाई नाही. चुकलं तर पुन्हा करू."

तो आवाज बाईंनी ओळखला. पहिलीतल्या रडणाऱ्या पोराला जवळ घेताना त्या नेमक्या अशाच बोलत.

ती मी नाही, बाळा. हे शब्द जिभेवर आले होते.

पण मग पोरीजवळ कोण राहील?

"आई, हात सोडू नकोस," लेक म्हणाली. ती फोनमध्ये बोलत नव्हती.

"नाही सोडत," बाई म्हणाल्या.

तिकडूनही त्याच क्षणी तेच ऐकू आलं. बाईंनी फोन हळूच खाली ठेवला आणि त्या खुर्चीत बसून राहिल्या.

थोड्या वेळाने यजमान खोलीत आले. कानाला त्यांचा फोन, चेहरा उजळलेला.

"मुलगी? वा, वा! आणि पोर बरी आहे ना आपली? तू जेवलीस का? अगं, इकडची काळजी नको. माझं माझं छान चाललंय. तू राहा तिथे हवी तेवढी."

"अहो," बाई म्हणाल्या.

ते बोलत बोलत खुर्चीला वळसा घालून गेले. दाराशी थांबून त्यांनी एकदा खोलीभर नजर फिरवली आणि बाईंच्या डोक्यावरचा पंखा बंद केला. रिकाम्या खोलीत पंखा फिरत राहिलेला त्यांना कधीच खपत नसे.