पंधरा लिटरची टाकी

लातुरात हिवाळा लागला की गिझर दुरुस्त करणाऱ्या आनंदराजला जेवायला फुरसत मिळत नसे. औसा रोडच्या मागच्या गल्ल्यांत एकेका इमारतीत साठ-साठ पोरंपोरी शिकवणीसाठी राहणार, सगळ्यांना पहाटे पाचला गरम पाणी लागणार आणि बोअरचं पाणी तर असं की स्टीलच्या ग्लासावरही पांढरा थर धरतं. त्यात गिझर बिचारा किती दिवस टिकणार? आनंदराजचं याबाबतीत एक ठरलेलं शास्त्र होतं आणि कुणी विचारो न विचारो, तो ते ऐकवायचाच.

"आवाज आला तर खार साचला, साफ करा. पाणी कोमट आलं तर कॉइल बदला. पण लाल पाणी आलं म्हणजे टाकी आतून सडली. आन् नळाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर दुरुस्तीचं नावच काढू नका. नवीन आणा."

वीस वर्षांत हे शास्त्र एकदाही खोटं ठरलं नव्हतं. त्याचा त्याला जरा गर्वच होता म्हणा ना.

डिसेंबरातल्या एका मंगळवारी सकाळी दहाला सौदामिनीबाईंचा फोन आला. बाई निवृत्त मुख्याध्यापिका. घराच्या वरच्या दोन मजल्यांवर त्यांनी मुलींना ठेवलं होतं. आनंदराज पोचला तेव्हा मुली वर्गाला गेल्या होत्या. एकटी मनस्विनी ताप आला म्हणून मागे राहिली होती. बिलोलीची पोर, गळ्याभोवती ओढणी गुंडाळून जिन्यात उभी होती.

"तिसऱ्या मजल्यावरचा गिझर ठकठक करतो," बाई म्हणाल्या. "मुली त्या बाथरूममध्ये जायला तयार नाहीत."

"खार असंल मॅडम."

"बटण बंद असलं तरी वाजतं, काका," मनस्विनी म्हणाली. "मी मोजलंय. तीनदा वाजतं, मग थांबतं."

"तापलेली टाकी गार होताना वाजतेच, पोरी," आनंदराज म्हणाला. तसं होतंही.

बाथरूम जेमतेम एका माणसाचं होतं. त्यानं नळ सोडला. पाणी लाल आलं. नळाला बोटांची मागची बाजू लावली तर झिणझिण्या कोपरापर्यंत गेल्या. टेस्टर मंद पेटला. आता सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. टाकी गेली होती. तरी त्यानं मेन बंद केलं, वरचा कॉक बंद केला आणि आतलं पाणी पूर्ण सोडून दिलं. मग पाना घेऊन टाकीवर तीन ठोके मारले. ही त्याची सवयच होती. रिकामी टाकी घणघणते, खार धरलेली मेल्यासारखी वाजते. किती साचलंय ते ठोक्यावरून कळतं.

टाकी मेल्यासारखी वाजली. आणि आतून तीन ठोके आले.

तो थांबला. पाइपात हवा असेल. त्यानं पुन्हा तीन ठोके मारले. आतून पुन्हा तीन आले, या वेळी सावकाश. त्यानं पत्र्यावर तळवा ठेवला. तिसऱ्या खेपेला त्यानं पाना उचललासुद्धा नव्हता, तरी तळव्याच्या बरोबर खाली, पलीकडच्या बाजूनं, कुणीतरी लहान दगडानं मारावं तसं लागलं.

हा आवाज आनंदराजच्या ओळखीचा होता. कुणाला सांगितलं नव्हतं इतकंच.

त्र्याण्णवच्या भूकंपाच्या वेळी तो सतरा वर्षांचा होता. रात्री शेतात राखणीला होता म्हणून वाचला. त्यांचं गाव औसा तालुक्यातलं. दगडाच्या जाड भिंती, वर हात-दोन हात पांढऱ्या मातीची माळवदं. ती सगळी झोपलेल्या माणसांवर बसली. पहाटे चारच्या सुमाराची गोष्ट. गल्लीत तेव्हा एकटी पारूबाई उठलेली असायची, नवरा कारखान्यात पहिल्या पाळीला जायचा म्हणून त्याचं अंघोळीचं पाणी तापवत. तिसऱ्या दिवशी लोकांनी तिच्या घराच्या ढिगाऱ्यात एक फट शोधली आणि अंगानं बारीक म्हणून आनंदराजला दोर बांधून आत सोडलं. वर सगळे गप्प झाले. त्यानं दगडानं तीनदा ठोकलं. खालून तीनदा उत्तर आलं.

तेवढ्यात जमीन पुन्हा हलली आणि मानेवर माती पडली. "हाव, हाय कुणीतरी" म्हटलं असतं तर त्यालाच अजून आत जावं लागलं असतं. तो वर आला. लोकांनी विचारलं आणि तो म्हणाला, "काई न्हाई." लोक पुढच्या घराकडे गेले.

आताही त्यानं तेच केलं. पाइप जोडले, टाकी भरली, मेन चालू केलं आणि खाली आला.

"काई न्हाई मॅडम. खार होता, काढला."

"मग मुलींनी अंघोळ करायला हरकत नाही?"

"हाव, करू द्या."

"बरं झालं," मनस्विनी म्हणाली. "चार दिवस अंघोळ नाही. पाणी तापलं की करते."

चौकातल्या टपरीवर त्याच्या हातातला चहा गार झाला. एवढ्यातेवढ्याला लोकांना उपदेश करणारा माणूस, आणि करंट मारणारी टाकी एका पोरीच्या गळ्यात बांधून आला होता. त्याला स्वतःची लाज वाटली. त्यानं बाईंना फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग चहा तसाच ठेवून त्यानं गाडीला किक मारली. नेमके वर्ग सुटले होते. अख्खा रस्ता पाठीवर बॅगा लावलेल्या पोरांनी भरला होता, आणि हॉर्न वाजवला तरी कुणी बाजूला सरत नव्हतं. त्यानं गाडी तिथंच टाकली आणि पळत सुटला.

तिसऱ्या मजल्यावर बाथरूमचं दार बंद होतं. त्यानं बाहेरच्या बोर्डाचं मेन पाडलं.

"पोरी, नळाला हात लावू नको. बाहेर ये."

कडी निघाली. मनस्विनी पूर्ण कपड्यांत होती, कोरडी. तोंड उतरलेलं.

"लावलाच नाही, काका. हात पुढं केला की आतून जोरात वाजतं. मागं घेतला की थांबतं."

आनंदराजनं टाकी उतरवायला घेतली. पाणी सोडलं, वायरी कापल्या. पंधरा लिटरची रिकामी टाकी एरवी तो बगलेत मारून जिना उतरायचा. ही इतकी जड लागली की त्याच्या हातून निसटली आणि फरशीवर आडवी पडली. फरशीला तडा गेला. आवाज ऐकून बाई वर आल्या.

"तुम्ही तर काही नाही म्हणाला होतात."

"खोटं बोललो मॅडम."

"म्हणजे?"

"आत हाय."

"काय आहे आत?"

त्यानं आडव्या टाकीवर तळवा ठेवला.

"माणूस," तो म्हणाला. "तीस वर्षं झाली. मला ऐकू आलं होतं. मी सांगितलं न्हाई."

तो गुडघ्यांवर बसला. पान्यानं तीनदा ठोकलं.

"पारूबाई," तो म्हणाला, "आलो."

आत काही वाजलं नाही.

मग टाकीच्या तोंडातून पाणी आलं. त्यातून वाफ निघत होती.

मनस्विनीनं बादली पुढं सरकवली. बादली वीस लिटरची होती. ती भरली.

दुसरी भरली.

तिसरी भरत आली तेव्हा बाईंनी त्या पाण्यात बोटं घातली. "अगदी अंघोळीचं," त्या हळूच म्हणाल्या आणि त्यांनी हात पदराला पुसला.

धार बारीक झाली. थांबली.

मग पाण्याच्या जागी पांढरी माती घसरायला लागली. आवाज न करता येत राहिली, फरशीच्या तड्यावरून, आनंदराजच्या गुडघ्यांपर्यंत.

त्यानं तिच्यात हात घातला.

माती कोरडी होती. आणि अंगाइतकी गरम.