हिरड्यांच्या रंगाची बटणं

कवळ्या बनवायच्या त्या चिमुकल्या दुकानात माणसं येतात ती तोंडाला रुमाल लावून. हा मात्र हसत हसत आत आला… आणि हसला तसे बत्तीसच्या बत्तीस दात दिसले. सगळे शाबूत!

"कवळी कुणासाठी?" तिने विचारलं. मेणाच्या हिरड्यांवर ती एकेक दात बसवत होती.

"कवळी नको. बटणं हवीत."

"मग शिंप्याकडे जा की!"

"तसली नव्हेत हो. दाबायची. व्हिडिओ गेमची."

तिच्या चिमट्यात सुळा तसाच लटकत राहिला. त्याने पिशवीतून एक हिरवी पट्टी काढून टेबलावर ठेवली. वर वाकड्यातिकड्या तारा, जागोजागी सोल्डरचे थेंब, मध्ये नखाएवढी चिप. घरी केलेला उद्योग आहे हे आंधळ्यालाही कळलं असतं. आता, आमच्या या बाईसाहेबांचा स्वभाव कसा, तर लहानपणी घरातलं एकही घड्याळ त्यांनी धड ठेवलं नव्हतं. कशातही नाक खुपसल्याशिवाय चैन म्हणून नाही!

"हे… काय करतं?"

"टीव्हीला जोडायचा गेमचा जुना डबा असतो ना, तो याला सारखं विचारत राहतो. कुणी दाबलं का? कुणी दाबलं का? मग बटणं एकामागून एक हजेरी देतात. सगळी मिळून एकाच तारेवरून."

"आणि एखादं गैरहजर राहिलं तर?"

"तर पडद्यावरचा आपला गडी खड्ड्यात!"

ती खुदकन हसली. मग त्याने खरं काय ते सांगितलं. हा डबा त्याच्या बाबांनी आणला होता, तो शाळेत असताना. बाबा बस चालवायचे. दिवसभर रस्ता बघून आले तरी संध्याकाळी बापलेक टीव्हीसमोर मांडी ठोकून बसायचे. दोन वर्षांपूर्वी बाबांना झटका आला, डावा हात लुळा पडला, आणि घरातली आरडाओरड बंद झाली. त्या डब्याला बाजारात मिळणारा कुठलाही कंट्रोलर दोन हातांशिवाय चालत नाही. म्हणून हा स्वतःच करायला बसला. सगळी बटणं एकट्या उजव्या हाताखाली येतील असा. दोनदा फसला.

"बाबा म्हणाले, आता शेवटचं. नाही जमलं तर डबा देऊन टाक कुणाला तरी." त्याचं हसू मावळलं होतं. "कवळी कशी ज्याच्या त्याच्या जबड्याला बसते, तशी बटणं बोटांना बसायला हवीत. म्हणून इथे आलो."

"मग बाबांना आणा. हाताचा ठसा घेऊ."

"बाबा… ते नाही यायचे." तो अडखळला. "माझा हात चालेल? आम्हा बापलेकांचे हात अगदी एकसारखे."

दुकान तिच्या काकांचं. कामावर घेतलं त्या दिवसापासून काकांनी एकच नियम घोकून घेतला होता: ज्याचं तोंड, त्याचंच माप. सख्ख्या भावाच्या मापाची कवळीसुद्धा भावाला बसत नाही. हे सांगायला तिने तोंड उघडलं… आणि त्याने टेबलावर ठेवलेला हात तिला दिसला. लांब बोटं, अंगठ्याशी सोल्डरने पोळल्याची खूण.

"चालेल," ती म्हणाली. काका जेवायला गेले होते म्हणून बरं.

तिने ठशाची गुलाबी लापशी कालवली, त्याची बोटं तीत दाबली, वरून मनगट धरलं.

"हलायचं नाही."

"किती वेळ?"

"घट्ट होईपर्यंत."

"मनगट धरावंच लागतं का?"

"लागतं," ती म्हणाली. खरं तर काही लागत नाही!

बटणं झाली. हिरड्यांच्या रंगाची गुलाबी, मधे दोन दातांसारखी पांढरी. तोवर तो काही ना काही निमित्त काढून येतच होता. कधी बटण घासायचं, कधी नुसतंच "झालं का?" विचारायचं. काका चष्म्यावरून बघायचे आणि खोकायचे.

आणि एका दुपारी तो आला तो पडलेल्या चेहऱ्याने.

"नाही बसलं. बाबांच्या उजव्या हाताचीही बोटं संधिवाताने पार आखडलीत. बटणांपर्यंत पोचतच नाहीत. माझ्या हाताला मात्र कसं चपखल बसतंय! बाबांनी बाजूला ठेवलं, म्हणाले, राहू दे रे आता."

तिने हातातला चिमटा खाली ठेवला.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "माप ज्याचं त्याचंच घ्यायचं असतं. माहीत असून घेतलं नाही. मला… तुमचा हात धरायचा होता."

आत काकांचं घासकाम थांबलं.

तो तिच्याकडे बघत राहिला. कान लाल झाले त्याचे.

"मी बाबांना विचारलंच नव्हतं," तो म्हणाला. "ते नाही यायचे, हे आपलं… मीच ठरवलं."

"का?"

"का म्हणजे! तेच कारण."

हसावं की रडावं तिला कळेना. दोघांच्या शहाणपणात एक म्हातारा मात्र हिरमुसून बसला होता. तिने लापशीचा डबा उचलला, पायांत चपला सरकवल्या.

"चल," ती म्हणाली. 'तुम्ही' कुठे गळून पडलं, दोघांनाही कळलं नाही.

बाबांनी दारातच भुवया चढवल्या. "कवळीवाली? माझे दात धड आहेत, पोरी."

"दात नकोत, बाबा. हात द्या. आधीच विचारायला हवं होतं. आमचं चुकलं."

बाबांनी तिच्या हातातला लापशीचा डबा निरखला. मग आखडलेला उजवा हात हळूच पुढे आला. "दोन वर्षांत या हाताला कुणी काही विचारलंच नव्हतं," ते म्हणाले. तिने एकेक बोट हलक्या हाताने लापशीत बसवलं आणि बाजूला झाली.

तो तिच्या कानाशी कुजबुजला, "मनगट नाही धरायचं?"

"गरज नसते," ती म्हणाली, आणि लाजून चूर झाली.

नव्या बटणांनी बाबांचा गडी पहिल्या झटक्यात खड्डा ओलांडून गेला. "सरका, बाजूला सरका!" बाबा गरजले. शेजारीण खिडकीत येऊन डोकावली. "आणि एकट्याने काय खेळायचं? दुसरा भिडू कुठाय?"

त्याने स्वतःच्या मापाचा तो फसलेला कंट्रोलर जोडला. उजवा हात त्यात गुंतला. डावा तिच्या शेजारी नुसताच पडून राहिला.

"या हाताचं काय?" तिने हळूच विचारलं.

"मोकळा आहे," तो टीव्हीकडे बघतच म्हणाला. "कुणी विचारलं तर… हजेरी देईल."

तिने त्यात आपला हात ठेवला. त्याचा गडी तत्क्षणी खड्ड्यात.

तो दचकून हात काढून घेणार, तेवढ्यात पडद्यावरची नजर न हलवता बाबा म्हणाले, "पडू दे रे. हात सोडू नको."